सगुणने ट्रॅक्टर धुतला

माझा भाऊ सगुण माणूस सरळ, पण खुर्चीत बसलेल्या माणसासमोर त्याची जीभ टाळूला चिकटते. तलाठी असो की बँकेतला कारकून, समोरचा बसलेला आणि हा उभा असला की झालंच. 'होय होय' करून घरी येतो आणि तिथे जे बोलायचं होतं ते सगळं गोठ्यात जाऊन म्हशीला ऐकवतो. म्हशीला आमच्या घरचे सगळे वाद पाठ आहेत.

मी त्याची थोरली बहीण, जानकी. तो मला बाय म्हणतो. गोव्याचं राज्य झालं त्या वर्षी मी बदलून चोपड्याच्या बाजूला मास्तरीण म्हणून आले. घरात कोकणी बोलायची, शाळेत मराठी शिकवायची, यातच निवृत्त झाले. लग्न केलं नाही, त्याची कारणं सांगत बसत नाही. सगुण, त्याची बायको यशोदा आणि मी, एवढंच आमचं घर.

सगुणने पाळीच्या एका मायनीवर, म्हणजे खनिजाच्या खाणीवर, बावीस वर्षं डंपर चालवला. सोमवारी पहाटे जायचा, शनिवारी यायचा. आला की आधी विहिरीवर. कान, नाक, नखं, सगळीकडून ती खनिजाची लाल धूळ निघायची. यशोदा त्याचे कपडे वेगळे धुवायची, नाहीतर सगळ्या घराचे कपडे गुलाबी.

दोन हजार बारा सालच्या चतुर्थीच्या सुमारास मायनी बंद झाल्या. सगुण घरी आला, सोप्यावर बसला आणि बारा महिने तिथेच बसला. दारू नाही, भांडण नाही, काही नाही. सकाळी चहा घेऊन जो बसायचा तो ऊन पायापर्यंत आलं की पाय आखडून घ्यायचा, एवढीच हालचाल. मला तर त्याचं पिणं परवडलं असतं. निदान ओरडता आलं असतं.

मी रोज सकाळी झाडू घेऊन त्याच्या समोर उभी राहायची आणि म्हणायची, "ऊठ रे सगुणा. बसून बसून गंज चढेल." रोज ठरवायची की उद्या हे बोलायचं नाही. भावाला टोचून काय मिळतं? आणि रोज सकाळी तेच तोंडातून निघायचं. तो काही उत्तर द्यायचा नाही. ऐकतो की नाही तेही कळायचं नाही.

ट्रॅक्टरची कल्पना यशोदाची. आमच्या वाड्याचे कुणगे, म्हणजे भाताचे तुकडे, अगदी लहान आणि त्यांच्यामधल्या मातीच्या मेरा अरुंद. मोठा ट्रॅक्टर आत गेला तर वळायला दुसऱ्याच्या शेतात जावं लागतं. वायंगणाच्या, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या दुसऱ्या भाताच्या, वेळी सावंतवाडीकडून एक माणूस छोटं यंत्र घेऊन यायचा, तेही त्याच्या मर्जीने. वायंगणाचं गणित असं की मार्गशीर्षात सगळा वाडा मिळून व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, बांध घालतो. बांध घातला की पाणी चढतं आणि शेतांत शिरतं. त्याआधी सुकी नांगरट झालेली असली पाहिजे. ज्याची राहिली त्याचं वायंगण राहिलं. दर वर्षी दोन-चार घरांचं राहायचंच.

"छोटा ट्रॅक्टर आपणच घेऊया," यशोदा म्हणाली. "दुसऱ्या कोणी नव्हे, यांनीच चालवायचा. डंपर चालवणाऱ्याला ट्रॅक्टर काय जड?"

सगुणने मान वर केली. बारा महिन्यांत पहिल्यांदा तो काहीतरी विचारण्यासाठी बोलला. "रुंदी किती असते गो त्याची?" मी आत जाऊन डोळे पुसले आणि बाहेर येऊन म्हटलं, "माझा फंड आहे, तो काय मी पिंडाबरोबर नेणार?"

डिचोलीच्या बाहेर एक शोरूम होतं, तिथे नोंदणी केली. आणि मग आमच्या सगुणने एक काम केलं. आमच्याकडे नवं अवजार घरात आलं, मग तो कोयता असो की नांगराचा फाळ, की त्याचं पहिलं काम देवाच्या कुणग्यात करतात. देवळाच्या मागे तेवढा एक तुकडा देवाचा आहे. सगुणने सोमवारी देवळात गावकरांसमोर देवाला गाऱ्हाणं घातलं. नवा कोरा ट्रॅक्टर येतोय, कुणाच्या शेताला न लागलेला, त्याची पहिली नांगरट तुझी, मग वाड्यातल्या अकरा घरांची. सगळे 'व्हय महाराजा' म्हणाले. आणि त्या अकरा घरांनी सावंतवाडीच्या माणसाला निरोप पाठवला की यंदा येऊ नको.

तिथून मी कॅलेंडरवर दिवस मोजायला लागले.

शोरूममधला नितीन नावाचा मुलगा गोड बोलायचा. दसऱ्याला देतो म्हणाला. दसरा गेला. दिवाळीला नक्की, बाई. दिवाळी गेली. मग कंपनीचा ट्रक वाटेत अडकला, मग रंगाचा घोळ झाला, मग साहेब मुंबईला. मी फोन केला की "बाई, तुमचंच काम करतोय." सगुणला फोन दिला तर हा 'होय होय, बरं बरं' करून ठेवून द्यायचा. बांधाचा गुरुवार ठरला. दहा दिवस उरले. संध्याकाळी कोणी ना कोणी अंगणाच्या गडग्याशी येऊन विचारायचं, "सगुण, कधी रे?" सगुण सोप्यावरून म्हणायचा, "येतलो, येतलो." आणि त्या माणसाने पाठ फिरवली की पुन्हा पाय आखडून बसायचा. मला ते पाय आखडणं बघवत नव्हतं.

नऊ दिवस उरले असताना, मंगळवारी सकाळी, नितीनचा फोन. ट्रॅक्टर टेंपोत चढवलाय, दुपारी पोचेल. कागद मागाहून. अहो, कालपर्यंत कंपनीत अडकलेला ट्रॅक्टर एका रात्रीत कसा आला, हा प्रश्न मला पडायला हवा होता. बेचाळीस पोरांच्या वर्गात कोणाची पाटी कोणी चोरली ते मी तोंडं बघून ओळखायची. पण त्या दिवशी मी नारळ शोधत होते.

ट्रॅक्टर उतरला. चकचकीत निळा, नव्या रंगाचा वास. सगुणने पावतीवर सही केली. मीटरवर चार तास चालल्याचं दिसत होतं. तेवढा शोरूममध्ये चालतोच, टेंपोवाला म्हणाला. यशोदाने निरांजन लावलं. मी म्हटलं, "आधी ओवाळूया." पण सगुण तेवढ्यात बादली घेऊन निघाला होता.

ही मायनीवरची सवय. तिथे डंपर हाती घ्यायचा तर आधी धुवायचा, सोडायचा तर धुवून सोडायचा. बावीस वर्षं हाताला तेच वळण. नवीन गाडी कोण धुतो? पण त्याचे हात थांबेनात. पाइप लावला, खाली वाकला, चाकांच्या मागे, गिअरपेटीच्या खाली, माणूस जिथे कधी बघत नाही तिथे तिथे पाणी मारलं. शीळ घालत होता. मी त्याची शीळ ऐकून किती वर्षं झाली होती.

मग शीळ थांबली.

मी बघितलं तर तो उकिडवा बसून अंगणातल्या पाण्याकडे बघत होता. पाणी लाल होतं. आता आमची माती तांबडीच आहे, त्यात काय? पण त्याने बोट बुडवलं, अंगठ्याने चोळलं आणि उन्हात धरलं. बोटावर बारीक चमक होती. काळपट लाल, जड, तेलासारखी चिकटलेली.

"बाय," तो हळूच म्हणाला, "ही माती आपली न्हय. ही पाळीची."

मी म्हटलं, "डिचोलीहून आलाय, वाटेत उडाली असेल."

"वाटेत उडालेली वर बसते. ही आतून इली." त्याने पाइप उचलून परत मारला. आता पाणी स्वच्छ येत होतं. त्याने दुसरीकडे मारला, तिथेही स्वच्छ. जे काही होतं ते त्यानेच धुवून काढलं होतं, आणि लाल पाणी माडाच्या आळ्यात जिरून गेलं होतं. तेव्हा त्याला कळलं आपण काय केलं ते. त्याच्या तोंडावरचा रंगच गेला. मलाही कळलं. उद्या कोणाला दाखवायचं म्हटलं तर दाखवायला मूठभर मातीसुद्धा नाही.

निरांजन यशोदाच्या हातात तसंच राहिलं. कोणी ओवाळलं नाही.

बुधवारी सगुण सोप्यावर बसला. ट्रॅक्टर अंगणात, हा सोप्यावर, दोघे एकमेकांकडे बघत. मला असं झालं की आता हा पुन्हा बारा महिने बसणार, आणि या वेळी उठणार नाही. माणूस एकदा पडून उठतो, फसून पुन्हा पडला तर काय करायचं? मी शंभर वेळा दारापर्यंत गेले आणि परत आले. माझं ते नेहमीचं वाक्य मात्र त्या दिवशी बोलले नाही. धीरच झाला नाही.

दुपारी तो म्हणाला, "बाय, कोणाक सांगू नको. नांगरून देतो. कोणाक कळतला?"

"आणि देवाचा कुणगा?"

त्याने पाय आणखी आखडून घेतले.

"आणि उद्या मध्येच बंद पडला तर? अकरा घरं काय हाताने खणणार? हे बघ सगुणा, तू नाही बोललास तर मी जाते. उद्या सकाळच्या पहिल्या बसने. मला खुर्च्यांची भीती नाही, मी तीस वर्षं स्वतःच खुर्चीत बसले आहे."

त्याने बराच वेळ ट्रॅक्टरकडे बघितलं. मग म्हणाला, "तू बसने जा. मी हो ट्रॅक्टर घेऊन येतो."

नंबर नाही, कागद नाही, कोलवाळचा पूल ओलांडून डिचोलीपर्यंत जायचं. पोलिसाने अडवलं तर? पण मी काही बोलले नाही. तो 'येतो' म्हणाला हेच खूप होतं.

मी दोन बसगाड्या बदलून नऊला शोरूमला पोचले. सगुण माझ्याही आधी निघाला होता, म्हणजे नऊ-साडेनवापर्यंत यायला हवा होता. नितीनने खुर्ची दिली, चहा दिला. साडेनऊ झाले. दहा झाले. काचेच्या खोलीत मालक बसले होते, सगळे त्यांना शेठ म्हणत. शेठनी दोनदा माझ्याकडे बघून हसून मान हलवली. सगुणचा फोन लागत होता, पण तो उचलत नव्हता. उचलणार कसा, इंजिनाच्या आवाजात? हे मला कळत होतं, तरी मी लावतच राहिले. साडेदहा. आता माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र, की कुठेतरी वडाच्या पारावर तो बसलाय, पाय आखडून, आणि ट्रॅक्टर शेजारी उभा. मला वाटलं, मीच त्याला ढकललं. गप्प नांगरू दिलं असतं तर निदान उभा तरी राहिला असता. चहाचा कप मी तसाच खाली ठेवला.

अकराला बाहेर ट्रॅक्टरचा आवाज आला. सगुणने तो आत आणला नाही. शोरूमच्या फाटकात आडवा लावला, बंद केला, चावी खिशात घातली आणि आला. आणखी दोन गिऱ्हाइकांच्या गाड्या फाटकाबाहेर अडकल्या. हे मुद्दाम केलं की घाबरून, ते मी अजून त्याला विचारलेलं नाही.

शेठ आपल्या खुर्चीत. सगुण उभा.

"शेठ, हो ट्रॅक्टर वापरलेलो आसा," सगुण म्हणाला.

"सगुणबाब, असं कसं बोलता?" शेठ शांत. "मीटर बघा, चार तास. पावती बघा, 'तपासून मिळाला' म्हणून तुमची सही आहे. कशावरून म्हणता वापरलेला?"

"खनिजाची माती निघाली."

"दाखवा ना मग."

सगुणने तोंड उघडलं. बंद केलं. "मी धुतली," तो म्हणाला.

नितीन हसला. फार नाही, नाकातल्या नाकात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उठून त्या पोराला उठाबशा काढायला लावाव्यात असं वाटलं. पण मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसले. आज मी बोलले असते तर तो पुन्हा कधीच बोलला नसता, एवढं मला कळत होतं.

सगुण वळला आणि बाहेर निघून गेला. संपलं, मी म्हटलं मनात.

काचेतून दिसत होतं, तो ट्रॅक्टरपाशी गेला. तिथे जयराम नावाचा मेस्त्री काम करत होता, बेळगावकडचा. त्याच्या हातातून सगुणने पाना घेतला, मागितलासुद्धा नाही. समोरची जाळी काढली. मग रेडिएटर आणि पंख्याच्या मधलं पत्र्याचं झाकण काढलं. खिशातून हातरुमाल काढला, यशोदा निळ घालून धुते तो पांढरा. बोटाला गुंडाळून झाकणाच्या आतल्या कोपऱ्यात घातला आणि फिरवला. पाइपाचं पाणी तिथे पोचतच नाही, हे फक्त त्यालाच माहीत, ज्याने बावीस वर्षं डंपरचे रेडिएटर साफ केले.

आत येऊन त्याने रुमाल शेठच्या टेबलावर उलगडला. काळपट लाल, आणि वर ती बारीक चमक.

"ही धूळ मी बावीस वर्षं थुंकलो, शेठ," सगुण म्हणाला. आवाज मोठा नव्हता. "मीटराक खोटं बोलता येतं. हिका येणा नाय."

फाटकाबाहेर अडकलेले दोघे आता दारात येऊन उभे होते. शेठनी जयरामकडे बघितलं. जयराम हात पुसत होता.

"शेठ, सांगून टाका," तो म्हणाला. "पाळीला पाण्याच्या टाकीला जोडलेला होता हा. मायन बंद झाली तेव्हा परत आला. वर्षभर मागच्या शेडमध्ये उभा होता. रंग मीच मारलाय, मीटर मात्र मी नाही बदलला."

सगुण एकदम ट्रॅक्टरकडे वळून बघायला लागला. "रस्त्यार पाणी मारी तो?" त्याने विचारलं. "धूळ बसूक? पिवळो होतो तेव्हा?"

"पिवळाच."

"मी रोज बघी त्येका डंपरातून," सगुण म्हणाला.

शेठनी सूर बदलला. नवा मागवतो, तीन आठवडे लागतील. नाहीतर पैसे घ्या आणि मोकळे व्हा. तीन आठवड्यांनी नवा घेऊन काय करायचं, बांध तर सात दिवसांवर आला होता. मी सगुणकडे बघितलं. त्याने शेठच्या समोरची खुर्ची ओढली आणि बसला. तुम्हाला यात काही वाटणार नाही. मी त्याला सांभाळत आले आहे तो चड्डीत होता तेव्हापासून, मला विचारा.

"हो मी ठेवतो," तो म्हणाला. "पण लिहून द्या. वापरलेलो, किती वापरलेलो, आणि दोन वर्षं काय मोडला तर तुमी बघतले. किंमत वापरलेल्याची. आज. ह्या टेबलार. मग फाटक मोकळो करतो."

कागद मी लिहिला. शेठना एक शब्द बदलायचा होता, मी बदलू दिला नाही. त्यांनी सही केली. नितीनने साक्षीची सही केली आणि मी त्याला म्हटलं, "नाव पूर्ण लिही, बाबा."

परतताना मी ट्रॅक्टरच्या चाकाच्या पत्र्यावर बसून आले. साठी उलटलेली मास्तरीण. कंबर चार दिवस धरली होती.

वाटेत मी त्याला म्हटलं, "देवळात काही सांगू नको. देवाला मनातल्या मनात सांग, तो ऐकतो. गावाला कशाला?" कारण मला भीती वाटत होती. अकरा घरांनी याच्यावर विसंबून तो सावंतवाडीचा माणूस सोडला होता. नव्या कोऱ्या ट्रॅक्टरचं गाऱ्हाणं घालून हा जुना घेऊन आला हे कळलं तर काय म्हणतील? फसला, म्हणतील. देवाला फसवलं, म्हणतील. सगुण पुढे बघत ट्रॅक्टर चालवत राहिला.

शुक्रवारी सकाळी देवळासमोर अकराही घरची माणसं होती. सगुण पुढे झाला, हात जोडले आणि मोठ्याने म्हणाला, "देवा महाराजा, नवो म्हणान सांगितलं होतं. हो नवो न्हय. माझ्यासारखोच पाळीर होतो, माझ्याच दिवशी काम सुटलं त्याचं. तुका चलत असलो तर घे, नसलो तर तुझ्या कुणग्याक लावचो नाय."

मी खाली बघत उभी राहिले. यशोदाने माझा हात पकडला होता, तिची नखं रुतत होती. सगळ्यांत म्हातारे गावकर, महादेवकाका, काठी टेकत ट्रॅक्टरपाशी गेले आणि चाकाला हात लावून बघितला.

"आमचे बैल खंयच्या शोरूमातले होते रे?" ते म्हणाले. "बाजारातून चार घरं फिरून आलेलोच बैल आमी देवाच्या कुणग्यात घाली. खरा सांगून घाली, इतकाच." आणि ते हात वर करून म्हणाले, "व्हय महाराजा."

बाकीचेही म्हणाले. मागून, एकेक करत, पण म्हणाले.

सगुणने ट्रॅक्टर देवाच्या कुणग्याच्या मेरेवर आणला आणि तिथेच तो बंद पडला. चावी फिरवली, घरघरला आणि थांबला. पुन्हा फिरवली. पुन्हा थांबला. सगळे बघत होते. बांधाला सहा दिवस, अकरा घरं, आणि हा मेरेवरच बसला. मी मेरेवरून पुढे गेले, का गेले ते मला माहीत नाही, काय करणार होते मी?

जवळ गेले तेव्हा सगुणचं बोलणं ऐकू आलं. तो इंजिनाच्या टपावर हात ठेवून वाकला होता आणि ट्रॅक्टरला हळूच सांगत होता, "ऊठ रे. बसून बसून गंज चढेल."

अगदी माझाच सूर. मी शाळेत पोरांना उठवायची तो, बारा महिने झाडू हातात घेऊन मी त्याला म्हणायची तो. म्हणजे त्याने एकही दिवस न चुकता ऐकलं होतं.

त्याने चावी फिरवली. ट्रॅक्टर घरघरला, धूर सोडला आणि चालू झाला. सगुणने मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बाय, बाजूक हो गो, माती उडतली." मी बाजूला झाले आणि तिथेच मेरेवर बसून रडले.